मंदीनंतर खरेदी विभागात जाणकार माणसं कशी आणायची आणि कशी टिकवायची?

प्रश्न थोडक्यात असा: मंदीत खरेदी विभाग जवळजवळ निम्म्यावर आणला. आता ऑर्डरी परत येऊ लागल्या आहेत, पण चांगले बायर, म्हणजे खरेदीचे जाणकार, मिळत नाहीत आणि जे उरलेत त्यांतलेही एक-दोन जण बाहेर बघतायत. अशा वेळी भरती कुठून सुरू करायची?

आत्ता कामावर असलेल्या माणसांपासून. जाहिरात त्यानंतर. मंदीत टिकून राहिलेल्यांनी दोघा-तिघांचं काम एकट्यानं ओढलेलं असतं, पगारवाढ थांबलेली असते आणि थकलेल्या बिलांसाठी पुरवठादारांची बोलणीही त्यांनीच खाल्लेली असतात. बाजार उघडला की पहिले फोन त्यांनाच जातात, कारण कमी माणसांत विभाग चालवून दाखवलेला बायर सगळ्यांनाच हवा असतो. तो गेला की डाय आणि मोल्ड नक्की कुणाच्या मालकीचे आहेत, कुठल्या व्हेंडरच्या कुठल्या मशीनवर आपला माल नीट निघतो, मागच्या वाटाघाटीत तोंडी काय कबूल केलं होतं, ही माहिती त्याच्याबरोबर जाते. ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या संगणकीय नोंदींत, ती सापडत नाही.

वेळेचा हिशोब मांडून बघा. जागा मंजूर व्हायला तीन आठवडे, उमेदवार शोधायला पाच-सहा, मुलाखती आणि ऑफरला तीन, मग त्याचा नोटीस पिरियड एक ते तीन महिने. रुजू झाल्यावर वस्तू, पुरवठादार आणि आपले आतले लोक ओळखायला आणखी तीन ते सहा महिने. म्हणजे आज ठरवलेली जागा खऱ्या अर्थानं भरायला सात महिने ते वर्ष लागतं. विभाग कोलमडतोय हे डोळ्यांना दिसल्यावर भरती सुरू केली तर उशीर झालेलाच असतो. आपल्या क्षेत्राचा पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स (खरेदी व्यवस्थापकांच्या दरमहा पाहणीतून निघणारा आकडा; ५० च्या वर म्हणजे वाढ), त्यातही नव्या ऑर्डरींचा आकडा, सलग दोन-तीन महिने ५० च्या वर राहिला आणि आपल्याकडच्या पीओंची (खरेदी-ऑर्डरींची) संख्याही वाढू लागली, तर जागा मंजूर करून घ्यायची वेळ आली असं समजा.

पहिल्या पंधरवड्यात एक साधा तक्ता करा. प्रत्येक ओळीत खरेदीचा एक गट: पॅकिंग, कास्टिंग, रसायनं, इलेक्ट्रॉनिक्स, वाहतूक, जे काही असेल ते. रकान्यांत मुख्य बायर कोण, त्याच्याशिवाय हा गट नीट कळणारा दुसरा कोण, एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या वस्तू किती, करार कधी संपतात, टूलिंग (डाय, मोल्ड वगैरे) कुणाचं, कुणाशी वाद किंवा थकबाकी आहे. ‘दुसरा कोण’ हा रकाना रिकामा आणि पुरवठादार एकच, अशी ओळ दिसली की त्या बायरशी त्याच आठवड्यात बोला. विभागप्रमुखानं स्वतः बोलायचं, एचआरवर सोपवायचं नाही. ‘तुम्ही खूश आहात ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: गेल्या तीन महिन्यांत कुठली खरेदी तुमच्या मताविरुद्ध झाली? कुठलं काम तुमचं नसताना तुमच्याकडे येतं? कुठल्या पुरवठादाराचा फोन घ्यायला नको वाटतं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात खरं दुखणं बहुतेक वेळा सापडतं.

ते दुखणं म्हणजे पैसे वेळेवर न देणं. मंदीत रोकड वाचवायला ३० दिवसांची उधारी ६०, मग ९० दिवसांवर नेली जाते, आणि तीही पाळली जात नाही. हा निर्णय फायनान्सचा, पण पुरवठादारासमोर बसतो तो बायर. त्यानं शब्द दिला आणि तो मोडला, असं तीनदा झालं की बाजारात त्याची पत उरत नाही. जाणकार बायरची पत म्हणजे त्याचं भांडवल, आणि ते कंपनीनं खाल्लं तर तो पगारवाढ घेऊनही थांबत नाही. म्हणून पेमेंटचं वेळापत्रक करा: आठवड्याचा एक ठरलेला दिवस, कुठली बिलं त्या दिवशी निघणार याची यादी दोन दिवस आधी बायरच्या हातात, आणि त्या यादीतून बिल काढायचं झालं तर फायनान्सनं आधी बायरला कळवायचं. मुदत ९० दिवसांची ठेवावी लागली तरी चालेल, पण ९० म्हणजे ९०. मुदत लांबल्यापेक्षा बेभरवशी झाल्याचा जाच पुरवठादाराला जास्त होतो, आणि त्याचं दडपण शेवटी बायरवरच येतं.

दुसरी गोष्ट अधिकारांची. मंदीत प्रत्येक पीओला चार-पाच सह्या लागू केल्या जातात आणि नंतर त्या काढायच्या राहून जातात. मंदीपूर्वीच्या मंजुरीच्या मर्यादा आणि आताच्या शेजारी-शेजारी मांडा. ज्या सहीमुळे गेल्या सहा महिन्यांत एकही पीओ बदलला किंवा थांबला नाही, ती सही काढून टाका. अनुभवी माणसाला बॉक्स आणि हातमोज्यांच्या खरेदीसाठीही वर विचारावं लागत असेल तर कंपनीचा आपल्यावर विश्वास नाही असंच त्याला वाटणार.

पगाराबद्दल एक गोष्ट पक्की करा. नवा माणूस आजच्या बाजारभावानं येणार आणि जुना तीन वर्षांपूर्वीच्या पगारावर बसलेला. ऑफर कितीही गुप्त ठेवली तरी महिन्याभरात ती सगळ्यांना माहीत होते. म्हणून नव्या जागेच्या मंजुरीच्या टिपणीतच जुन्यांच्या पगाराची दुरुस्तीही मागा, दोन्ही एकत्र. बजेट कमी असेल तर तीनऐवजी दोन नवे घ्या आणि उरलेल्यातून जुन्यांचा फरक भरा. राजीनामा आल्यावर दिलेली वाढ मात्र शक्यतो टाळा. तो माणूस मनानं आधीच गेलेला असतो, आणि वाढ हवी तर राजीनामा टाकावा लागतो हा धडा बाकीचे घेतात.

आता नव्या जागांकडे. रिकाम्या झालेल्या जागा जुन्याच नावांनी भरायची घाई करू नका. आधी दोन आठवडे प्रत्येकाला अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगा आणि कामाचे तीन भाग पाडा: पीओ काढणं, फॉलोअप, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल जुळवणं हा एक; कोटेशन मागवणं, तुलना, वाटाघाटी हा दुसरा; आणि गटाचं धोरण, नवे पुरवठादार उभे करणं, करार, जोखीम हा तिसरा. वरिष्ठ बायरचा बहुतेक दिवस पहिल्याच भागात जातोय असं दिसलं तर तुम्हाला पहिल्यांदा महागडा कॅटेगरी मॅनेजर (एका गटाचं धोरण बघणारा) नको, फॉलोअप आणि बिलांचे घोळ निस्तरणारा कष्टाळू कनिष्ठ हवा. त्याचा पगार कमी, तो लवकर मिळतो, आणि तो आल्यावर वरिष्ठाचे दिवसाचे तीन-चार तास मोकळे होतात. भरतीतला हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा दुर्लक्षित होणाराही हाच.

खर्चाची यादी उतरत्या क्रमानं लावली की बहुतेक ठिकाणी थोड्या पुरवठादारांवर बराचसा खर्च आणि उरलेल्या लांबलचक शेपटीत किरकोळ खरेदी दिसते. ती शेपटी दर-करार, कॅटलॉग किंवा वार्षिक ब्लँकेट ऑर्डरवर (वर्षभराची एकच ऑर्डर, माल लागेल तसा) टाका. माणूस घेण्याआधी काम कमी करता आलं तर ते आधी करा.

वरच्या जागेसाठी कुठल्या प्रकारचा माणूस हवा हे वस्तूंवरून ठरवा. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली चौकट अजूनही उपयोगी पडते: एका बाजूला पुरवठ्याची जोखीम, दुसऱ्या बाजूला नफ्यावरचा परिणाम. परिणाम मोठा आणि जोखीम कमी अशा वस्तूंना घासाघीस करणारा माणूस लागतो. जोखीम मोठी असलेल्या वस्तूंना नातं जपणारा, तांत्रिक बाबी कळणारा आणि सहा महिने पुढचं बघणारा माणूस लागतो. मंदीतून बाहेर येताना बऱ्याच वस्तू पहिल्या गटातून दुसऱ्यात सरकतात, कारण लहान पुरवठादार बंद पडलेले असतात आणि उरलेल्यांची क्षमता भरलेली असते.

२०२० मध्ये काय झालं ते आठवा. वाहन कंपन्यांनी वसंत ऋतूत चिप्सच्या ऑर्डरी कापल्या, चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि इतर इलेक्ट्रॉनिक्सला दिली, आणि वर्षाच्या उत्तरार्धात गाड्यांची मागणी परतली तेव्हा वाहन कंपन्या रांगेत मागे होत्या. २०२१ मध्ये कारखाने बंद ठेवावे लागले. टोयोटानं २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता, म्हणून तिला इतरांपेक्षा उशिरा झळ बसली. तेव्हा मुलाखतीत कुणी किती टक्के भाव पाडला यावर थांबू नका. माल अपुरा होता तेव्हा पुरवठादारानं आपला वाटा कापू नये म्हणून काय केलं, हेही विचारा.

बायोडेटातल्या बचतीच्या आकड्यांकडे नीट बघा. ‘एका वर्षात १५ टक्के बचत’ हे मंदीच्या वर्षातलं असेल तर त्यातला बराच भाग बाजारानं दिलेला असू शकतो. पोलादाचा निर्देशांक २० टक्के उतरला आणि आपला भाव १२ टक्के उतरला, तर ती बचत नाही, उलट आठ टक्के हातचे गेले. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पहिल्यांदाच शून्याखाली, पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या काळात प्लास्टिकच्या दाण्यावर किंवा वाहतुकीवर बचत दाखवणाऱ्याला पुढचे चार प्रश्न विचारा: आधारभाव कुठला धरला होता? त्याच काळात निर्देशांक किती हलला? मागणी, दर्जा किंवा उधारीची मुदत बदलली होती का? आणि फायनान्सनं ती बचत मान्य करून बजेटमधून वजा केली का? खरं काम केलेला माणूस चौथ्या प्रश्नावर अडत नाही, उलट फायनान्सशी कुठे मतभेद झाला तेही सांगतो.

मुलाखतीपेक्षा दीड तासाची लेखी कसोटी जास्त सांगून जाते. कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल द्या आणि असं काही मांडा. वर्षाला ६,००० नग लागतात. दोन पुरवठादार आहेत. पहिल्याचा भाव नगाला १००, फॅक्टरीबाहेर. भाडं आणि शुल्क ११. किमान ऑर्डर ५,००० नग. पैसे माल निघण्याआधी. प्रवास ४२ दिवस, एकूण लीड टाइम (ऑर्डरीपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ) १२ आठवडे. दुसऱ्याचा भाव ११२, माल दारात पोच. किमान ऑर्डर ५००. माल आल्यावर ६० दिवसांनी पैसे. लीड टाइम ३ आठवडे. व्याजदर वर्षाला १२ टक्के, साठा सांभाळण्याचा एकूण खर्च साठ्याच्या किमतीच्या वर्षाला १८ टक्के.

पहिल्याची पोच किंमत १११. सरासरी साठा किमान ऑर्डरीच्या निम्मा, २,५०० नग, त्याचा वर्षाचा खर्च ४९,९५० म्हणजे नगामागे ८.३३. आगाऊ पैशाचं ४२ दिवसांचं व्याज १.३८. एकूण सुमारे १२०.७. दुसऱ्याचे ११२, सरासरी २५० नगांच्या साठ्याचे ०.८४, आणि ६० दिवसांच्या उधारीचे २.२१ वजा, एकूण सुमारे ११०.६. कागदावर १२ नं स्वस्त दिसणारा पुरवठादार प्रत्यक्षात दहानं महाग. यात सुरक्षा साठा (अडीअडचणीसाठी ठेवलेला जादा माल) धरलेलाच नाही. मागणीचा चढउतार तोच राहिला आणि लीड टाइम चौपट असला तर तो साठा साधारण दुप्पट लागतो.

इथवर पोचणारा उमेदवार चांगला. त्याहून चांगला तो, जो विचारतो की भाडं कुठल्या महिन्याचं आहे, इन्कोटर्म (वाहतुकीचा खर्च आणि जोखीम कुणाकडे याची अट) नक्की कुठली आहे, वस्तूचं डिझाइन वर्षभरात बदलणार आहे का, आणि दोघांनाही काही वाटा देता येईल का. कसोटी देताना माहितीतला एक आकडा मुद्दाम गाळा, उदाहरणार्थ व्याजदर. गृहीत धरून तसं लिहिणारा किंवा विचारणारा माणूस पुढे कामातही तसाच वागतो. न विचारता उत्तर लिहून मोकळा होणारा पुढे पीओतही तेच करतो.

शोधायचं कुठे? फक्त ‘बायर’ नाव असलेल्यांत शोधलं तर सगळ्या कंपन्या त्याच तळ्यात गळ टाकून बसलेल्या असतात. उत्पादन नियोजन, गुणवत्ता, कॉस्टिंग आणि पुरवठादारांकडचे विक्री प्रतिनिधी, या चौघांकडून चांगले बायर घडतात. विक्रीतला माणूस कोटेशन आतून कसं बनतं हे जाणतो. कॉस्टिंगवाल्याला कच्चा माल, मशीनचा तास आणि वाया जाणारा माल वेगळा काढून अपेक्षित किंमत मांडता येते. स्वतःच्याच पुरवठादाराकडचा माणूस घेतला तर हितसंबंध लेखी जाहीर करून घ्या आणि ठरावीक काळ, म्हणजे वर्षभर तरी, त्या पुरवठादाराच्या निर्णयांतून त्याला बाहेर ठेवा. मंदीत तुम्हीच कमी केलेल्या लोकांनाही फोन करा. त्यांतले काही येतील, पण आधी त्यांना कसं सोडलं होतं यावर ते अवलंबून आहे. त्यांना जुन्या पगारावर बोलावणं हा अपमान आहे, तो करू नका.

जाहिरातीत एका विशिष्ट ईआरपीचं नाव सक्तीची अट म्हणून टाकू नका. बटणं महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतात, पण करारातलं भाववाढीचं कलम वाचता येणं शिकायला वर्षं जातात. सीआयपीएस किंवा आयएसएम या खरेदी-पुरवठा क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांची प्रमाणपत्रं ही शिस्तीनं अभ्यास केल्याची खूण म्हणून धरा, कसोटीला पर्याय म्हणून नव्हे. असलेल्या माणसांना मात्र ती करू द्या, फी भरा, अभ्यासाला कामाच्या वेळेतले तास द्या. त्याबदल्यात लांबलचक बाँड लिहून घेतला तर देणगीचं बेडीत रूपांतर होतं आणि माणूस बाँड संपण्याचीच वाट बघतो.

एका धोक्याकडे मंदीनंतर हमखास दुर्लक्ष होतं. माणसं कमी झाल्यामुळे नवा व्हेंडर सिस्टीममध्ये टाकणं, पीओ काढणं आणि बिल मंजूर करणं ही तिन्ही कामं एकाच हातात आलेली असतात. गैरप्रकाराची सोय तर होतेच, पण प्रामाणिक माणसावरही उद्या संशय आला तर स्वतःला निर्दोष दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. भरती पूर्ण व्हायची वाट न बघता व्हेंडर मास्टर (सिस्टीममधली पुरवठादारांची यादी) आजच फायनान्सकडे द्या, आणि पीओ, जीआरएन आणि बिल यांची तिहेरी जुळणी कुठल्याही दबावाखाली सोडू नका.

माणसं कशावर मोजता हे बदललं नाही तर वरचं सगळं वाया जाईल. मंदीत बचत हा एकच मापदंड असतो. तोच तेजीत ठेवला तर भाव चढत असताना कितीही चांगलं काम केलेल्या बायरचा वर्षअखेरीचा आकडा उणे येतो, आणि तो चिडतो. किंवा आकडा जमवायला मोठे लॉट उचलतो, न तपासलेला पुरवठादार आणतो, आणि सहा महिन्यांनी लाइन थांबते. भाव निर्देशांकाच्या तुलनेत मोजा. वेळेवर आणि पूर्ण आलेला माल, माल नसल्यानं थांबलेले तास, दुसरा स्रोत उभा केलेल्या वस्तूंची संख्या आणि लीड टाइममधली घट हे त्याच्या जोडीला घ्या. बचतीचं वजन तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नये असं माझं मत. वापरणाऱ्या विभागानं भाव ठरवून फक्त पीओ काढायला पाठवलेली खरेदी वेगळी मोजा आणि दर महिन्याला वर दाखवा. बायरला कारकून करून टाकणारी हीच सवय आहे. डिझाइन गोठण्याआधी त्याला बैठकीत बसवलं तर ती आपोआप कमी होते.

नवा माणूस आल्यावर पहिल्याच दिवशी अडलेल्या मालाचा ढीग त्याच्या टेबलावर टाकू नका. पहिले दोन आठवडे दोन वर्षांची खरेदी, चालू करार आणि थकलेली बिलं वाचण्यात जाऊ द्या. तिसऱ्या आठवड्यापासून मोठ्या पाच पुरवठादारांच्या शॉपफ्लोअरवर जुन्या बायरबरोबर पाठवा. दुसऱ्या महिन्यात एक मध्यम गट पूर्णपणे त्याच्या नावावर करा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यानं त्या गटाची दोन पानांची योजना मांडायची. तोवर जुन्यावरचा भार उतरलेला नसेल तर चूक नव्याची नाही, कामाची वाटणी कागदावरच राहिली आहे.

नोकरीच्या हमीबद्दल खोटं बोलू नका. मंदी बघितलेले लोक ‘आता काही होणार नाही’ यावर विश्वास ठेवत नाहीत. त्याऐवजी दर तिमाहीला ऑर्डरबुक आणि रोकडीची स्थिती विभागाला दाखवा, वाईट असली तरी.

इतकं करूनही कुणी जाईलच. तेव्हा शेवटच्या महिन्यात त्याला नव्या वाटाघाटी देऊ नका, हस्तांतराची फाइल करून घ्या: प्रत्येक मोठ्या पुरवठादाराचा निर्णय घेणारा माणूस, तोंडी ठरलेल्या गोष्टी, टूलिंगची यादी आणि ठिकाण, चालू वाद, पुढच्या सहा महिन्यांत संपणारे करार आणि भाववाढीच्या तारखा. त्यानंतर त्याला आणि त्याची जागा घेणाऱ्याला एकत्र पुरवठादारांकडे पाठवा. आणि वर्षभरानं एकदा त्याला फोन करा. परत यायला तयार झालेला माणूस बराच वेळ वाचवतो.